तायडेबाईचा बेडूक

रेवा, ये. फोन खाली ठेव अन् जवळ सरक; कागदावर जितकं जवळ बसता येतं तितकं बस. रागावले आहे मी तुझ्यावर. थोडीशीच, पण रागावले आहे. परवा पुण्याहून तू हसत हसत विचारलंस, "आजी, ती तुझी मारकुटी मैत्रीण अजून आहे का गं? ती शिक्केवाली?"

मारकुटी! आता आहे ती मारकुटी, नाही कोण म्हणतं. पण ते तू म्हणू नये. ते म्हणायला आधी तिचा मार खाल्लेला असावा लागतो. मी खाल्लाय, तुझ्या आईनं खाल्लाय. तू तर बाप्पा सुट्टीत यायचीस, तिच्या हातचे तीळगूळ खायचीस अन् पळायचीस. तुला काय माहीत तायडेबाई म्हणजे काय चीज आहे. म्हणून बसले लिहायला. सातवी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, जसं बोलते तसंच येईल. शुद्धलेखन काढत बसू नकोस.

अकोल्यातल्या आपल्या जठारपेठेच्या घराची अन् तिच्या घराची भिंत एकच. तुझी आई पाचवीत होती तेव्हा ती राहायला आली. शाळेत भूगोल शिकवायची. एकटीच. पांढरी साडी, कडक काठाची, अन् हातात सदानकदा काहीतरी लाकडाचं. तोंडावर मी तिला आजही "बाई, तुमी" म्हणते. पाठीमागे मात्र "ती"च. तिची एक खूण सांगून ठेवते. रोजचं बोलणं, भांडण, शिव्या, सगळं आपल्या वऱ्हाडीत. पण ती एकदम पुस्तकातलं शुद्ध मराठी बोलायला लागली, की समजायचं आता कुणाचं तरी काही खरं नाही.

शाळेतली ती पृथ्वीची गोष्ट तुझ्या आईनं डोळ्यांनी पाहिली आहे. नववीतल्या एका पोरीचा बाप आला, पोरीचं नाव काढायला.

"लगन ठरलं पोट्टीचं. दाखला द्या."

"वय किती तिचं?"

"घोड्यावानी वाढली ना, दिसत नाई काय?"

"घोडं नाई इचारलं. वय इचारलं."

"माही पोट्टी हाये. मी पाहीन काय करायचं तं. तुमी भूगोल शिकवा."

तेव्हा तायडेबाई उठली अन् अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आपण कृपया पटांगणात चलावे." तो माणूस खूश! बाई वरमली असं वाटलं त्याला. पटांगणात गेल्यावर तिनं त्याच्या डोक्यात पृथ्वी घातली. वर्गातला तो पत्र्याचा गोल गं, लाकडी बैठकीचा. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत आलं, अन् गोलाचा प्रशांत महासागर आत गेला. तो माणूस दोन भावांना घेऊन, कुऱ्हाडीचा दांडा घेऊन परत आला, तर ही फाटकात उभी, हातात नुसती गोलाची बैठक. "या," म्हणे, "अजून उरले हायेत चार महासागर." पोरगी दहावी झाली. बाईला वरून लेखी ताकीद आली, पगार अडकला. तो चेपलेला गोल ती पुढे कितीतरी वर्षं शिकवायला वापरायची अन् पोरं हळूच त्या खळग्याला हात लावून पाहायची.

पोरांना मारायची ते मात्र मला कधी पटलं नाही. आजही नाही पटत. तुझ्या आईच्या तळहातावर पट्टी उमटलेली मी पाहिली आहे, अन् भिंतीपलीकडे जाऊन भांडून आले आहे. ती म्हणाली, "नकाशात तापी उलटी वाहवली तुह्या पोरीनं." मी म्हटलं, "नदी वाहवली ना, कोणाचा गळा तं नाई कापला?" त्यावर ती हातातल्या पट्टीकडे पाहायला लागली. मग म्हणाली, "मले मारूनच शिकवलं ना वं सगळ्यायनं." बस, एवढंच. पट्टी काही सुटली नाही.

तिचं एक वाक्य अख्ख्या शाळेत फिरायचं: पुरावा दे, नाहीतर गाल दे. अमुक गाव तमुक जिल्ह्यात आहे, सिद्ध कर. नाही करता आलं, गाल पुढे कर. शिक्षकांच्या खोलीतसुद्धा हेच. एका शिक्षकानं म्हणे, गंमत समजून, खरंच गाल पुढे केला होता. त्यानंतर कुणी केला नाही.

तिच्या बापाचं तिनं मला एकदाच सांगितलं. ठेचा कुटत होती. मिरच्या, लसूण, अन् तो लोखंडी खलबत्ता. एक वाक्य, एक घाव. मिरचीचा ठसका लागून मी खोकत होते, तिला काही होत नव्हतं.

मोर्शीकडचं गाव तिचं. बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबला अन् मग कुठूनसा त्याला स्वतःचा जमिनीचा एक तुकडा मिळाला. पहिल्यांदाच स्वतःची पेरणी. पाडव्याच्या दिवशी देवळासमोर गावाचं पंचांग वाचायचे. पावसाच्या कुठल्या नक्षत्राचं यंदा काय वाहन ते तेव्हाच कळायचं. तुला पुण्यात हे कोण सांगणार, म्हणून सांगते. आपल्याकडे पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असतं. त्या त्या वर्षी जे निघेल ते. हत्ती निघाला तर धो धो. बेडूक, म्हैस, चांगलं पाणी. कोल्हा, मेंढा निघाला की हुलकावणी. पंचांगवाले ते गणित करून काढतात. खरं ठरतं का? कधी ठरतं, कधी नाही. पण विचारल्याशिवाय कुणी राहत नाही.

तिच्या बापाला दूर, विहिरीपाशी उभं राहावं लागायचं. तिथवर ऐकू येईना. नेहमीचं असतं तर गप्प राहिला असता, पण यंदा वावर त्याचं होतं. तो पुढे आला, ओट्याला हात टेकला अन् विचारलं, "महाराज, मृगाचं वाहन काय निघालं?"

"येवढंच इचारलं त्यानं," ती म्हणाली. एक घाव. "ओट्याले हात लावला म्हणून मारलं. बैलं टोचायच्या काठीनं, तुतारीनं मारलं. तोंडावर." एक घाव. "समोरचे दात पडले. मी येचून गोया केले ते. लहान होती मी, मले वाटलं परत लावता येतीन." अन् मग खलबत्त्यातलं पार पाणी झालं तरी कुटतच राहिली. मी हात धरला तेव्हा थांबली.

पुढे त्यांचं घर बौद्ध झालं, ती शिकली, नोकरीला लागली. वाहन, मुहूर्त, राशी हा सगळा अडाणीपणा आहे असं मला तीच शिकवायची. माझ्या घरातलं पंचांग तिनं एकदा चुलीत घातलं होतं. नंतर आणून दिलं नवीन, पण घातलं होतं. तेव्हा म्हातारपणी ती त्याच वाहनांच्या मागे का लागली, ते नीट ऐक.

निवृत्त झाल्यावर कुणीतरी तिला एक जाडजूड चित्रांचं पुस्तक दिलं. सिंधूकाठच्या जुन्या शहरांतल्या शिक्क्यांचं. शिक्का म्हणजे बघ, बोटाच्या दोन पेरांएवढा दगड. वर अक्षरांची एक ओळ, खाली बहुधा एक जनावर: बैल, हत्ती, गेंडा, वाघ, अन् ते एकशिंगी कोणतं तरी. हजारो वर्षांपूर्वी लोक ते मातीत दाबून ठसा उठवायचे. अक्षरं आजवर कुणालाच वाचता आलेली नाहीत. काही शहाणे लोक म्हणतात, त्यातला मासा म्हणजे तारा असेल, माशापुढच्या उभ्या रेघा म्हणजे किती तारे ते असेल. काही म्हणतात, ओळीत महिने असतील, सणवार असतील. असेल! सगळं असेलच. नक्की कुणालाच नाही.

तायडेबाईला "असेल" हा शब्द म्हणजे अंगावर पाल. तिनं ते शिक्के काढायला घेतले. कागदावर नाही, भिंतीवर, कोळशानं. कारण अकोल्याचा उन्हाळा, कूलर लावला की कागद घरभर. आधी बैठकीची भिंत भरली, मग स्वयंपाकघराची. आपल्या काळ्या मातीचं तुला माहीत आहे, पावसात फुगते, उन्हात फाटते, वर घरं तडकतात. तिच्या बैठकीत एक मोठी भेग होती, छतापासून कोपऱ्यापर्यंत वाकडीतिकडी. ती भेगेच्या वरूनच चित्रं काढायची. "भितीचं काम भीत करते, माहं काम मी," म्हणे.

एकदा मृग लागायच्या आदल्या दिवशी, आभाळात ढगाचा ठिपका नाही, मी पापड वाळत घालता घालता भिंतीवरून ओरडले, "बाई, यंदा वाहन काय निघालं वं मृगाचं?" मी मुद्दाम चिडवायची तिला.

आतून आवाज आला, "हत्ती."

"माय! मंग तं धो धो."

मग काहीतरी आपटलं. ती बाहेर आली ती तोंडाला कोळसा फासलेला, डोळे फाटलेले. ती त्या वेळी शिक्क्यावरचा हत्ती काढत होती. तोंडातून सहज तेच गेलं होतं. "कमल, वाहन! ते जनावर वाहन हाये वं! वर नक्षत्र, खाली वाहन! पंचांग हाये ते, दगडाचं पंचांग!" अन् तिनं माझ्या पाठीत असा रट्टा घातला की पापडांवर पडले मी. तिचा आनंदसुद्धा मारूनच व्हायचा.

संध्याकाळी शांत झाल्यावर म्हणाली, "वाहनानं पाणी येते यावर माहा काडीचा इस्वास नाई. पण पाह्य, पाच हजार वर्साआधी हे दगड लोकायच्या खिशात होते. वाणी, कुंभार, कोणाच्याही. पंचांग देवळाच्या ओट्यावर नव्हतं बसलं. माह्या बापाले इचारायचं कामच नव्हतं. त्याच्याच खिशातलं होतं ते." म्हणून सांगते रेवा, ती शिक्क्यांच्या मागे नव्हती. त्या ओट्याच्या मागे होती.

अमरावतीचे एक निवृत्त प्राध्यापक होते, इतिहासाचे, भले माणूस. त्यांना कुणाकडून कळलं, ते मुद्दाम आले. सगळ्या भिंती पाहिल्या, चहा घेतला अन् म्हणाले, "बाई, कल्पना फार सुंदर आहे. पण वाहनांत घोडा आहे. शिक्क्यांवर घोडा नाही."

"घोडा मागून आला असंल या देशात."

"बरं. शिक्क्यांवर गेंडा आहे. वाहनांत गेंडा नाही."

"गेंडा गेला इकडून. त्याच्या जागी गाढव आलं असंल."

"असेल," ते म्हणाले. तिच्यासमोर! मी डोळे मिटले. "पण बाई, बेडूक? बेडूक तर कुठे गेला नव्हता. पावसाचं सगळ्यात जुनं जनावर. तुमच्या एकाही शिक्क्यावर बेडूक का नाही?"

ती एकदम शुद्ध झाली. "आपण आता निघावे," म्हणाली, अन् ते उठायच्या आत चहाची कपबशी त्यांच्या छातीवर फुटली. त्यांनी रुमालानं चष्मा पुसला, शर्टावरचे तुकडे वेचून टेबलावर ठेवले अन् दारातून म्हणाले, "बेडूक दाखवा. मी अमरावतीहून पायी येईन."

ते गेल्यावर मला वाटलं ती भिंत फोडते आता. तिनं दोन्ही हातांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. एकदा नाही. मी मध्ये पडले तर मलाही बसली एक. "पुरावा नाई माह्यापाशी," म्हणाली. मग कोळसा घेतला अन् शिक्क्यांच्या मधोमध, वीतभर अक्षरांत लिहिलं: बेडूक नाही.

ते तसंच राहिलं भिंतीवर, वर्षानुवर्षं. आल्यागेल्याला दिसावं असं. दुसरी असती तर पुसलं असतं, नाही तर कपाट सरकवलं असतं पुढे. ही रोज सकाळी त्याच्यासमोर बसून चहा प्यायची, वैऱ्यासमोर बसावं तशी. पुस्तकं मागवायची, मोठ्या भिंगातून एकेक चित्र पाहायची. जेवण सुटलं. एकदा मी म्हटलं, "त्या ओबडधोबड बैलालेच बेडूक समजा ना." पुस्तक फेकलं माझ्या अंगावर. जाड होतं, सांगितलंच आहे.

आता प्रवीण. तिचाच विद्यार्थी, कॉपी करताना सापडला होता अन् तिनं त्याच्या पाठीवर पट्टी मोडली होती. तोच एकटा आयुष्यभर तिला धरून राहिला. अमरावतीत त्याचे मोठे क्लासेस, चौकाचौकात त्याचे फलक, गळ्यात चेन. पण अकोल्यात आला की पहिला हिच्या पायांपाशी. तिची औषधं आणायचा, शिव्या खायचा, जेवली नाही तर समोर बसून राहायचा. भिंतीचे फोटो फोनमध्ये घेऊन जायचा, म्हणायचा, "मॅडम, हे जगानं पाह्यलं पाह्यजे."

मागच्या थंडीत त्याचा फोन आला. मी तिथंच भाजी निवडत होते.

"मॅडम, बेडूक सापडला."

तिच्या हातून फोन पडला. उचलून म्हणाली, "खोटं बोलशीन तं जित्ता गाडीन."

"खरंच मॅडम. एका खाजगी संग्राहकाकडं हाये. वर अक्षरं, खाली बेडूक. फोटो काढू देत नाई तो. पण कार्यक्रम ठेवतो मी, तो देणार हाये एक दिवस. तुमी स्वतः सर्व्यायले दाखवा."

ती रडली रेवा. तायडेबाई! कोथिंबिरीच्या जुडीत तोंड खुपसून रडली. मग पेटी उघडून बापाचा फोटो काढला, तोंड मिटलेला, अन् पदरानं पुसला. अमरावतीच्या त्या प्राध्यापकांना आमंत्रण धाडलं. कार्यक्रम अमरावतीलाच होता; एसटीत मला सारखं विचारत होती, "पायी येईन म्हटलं होतं ना त्यानं? पण आपूनच चाललो त्याच्या गावाले." अन् हसत होती. इतकं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

सभागृह गच्च. बाहेर केवढा फलक: सिंधू लिपीचे रहस्य उलगडले! कुठून कुठून लोक आले होते. कुणाला ती लिपी आपल्याच पूर्वजांची हवी होती, कुणाला आपल्याच देवाची, कुणाला दुसऱ्या कुणाची नको होती. प्राध्यापक पुढच्या रांगेत, माझ्याशेजारी. प्रवीणनं तिला शाल दिली, पितळी सन्मानचिन्ह दिलं, भलं जड. मग मखमलीच्या डबीतून शिक्का काढून तिच्या हातात ठेवला.

तिनं तो डोळ्यांजवळ नेला. मोठ्या पडद्यावर त्याचं चित्र दिसत होतं. खाली बेडूक, फुगलेला, चार पाय पसरलेला. वर ओळ, ओळीत मासा. लोकांनी टाळ्या पिटल्या. प्राध्यापक उभे राहिले. त्यांचे हात जोडलेले मी पाहिले.

ती अंगठ्यानं तो दगड चाचपत होती. एकदा, परत एकदा. मग तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

"प्रवीण," माइकमधून आवाज आला, "हा दगड कुठला हाये?"

"मॅडम, सांगितलं ना मी..."

"प्रवीण, मी तुला अखेरचे विचारत आहे."

शुद्ध.

ती लोकांकडे वळली. "या माशाच्या पाठीवर एक वाकडी रेघ आहे. खाली जाऊन ती बेडकाच्या डोक्यापाशी तुटते. ही अक्षरातली रेघ नाही. ही माझ्या घराची भेग आहे. जठारपेठेतल्या माझ्या बैठकीतली. कोणीतरी माझ्या भिंतीचा फोटो पाहून हा दगड कोरला आहे."

प्रवीण अगदी जवळ गेला, पण माइक चालूच होता, सगळ्यांनी ऐकलं. "मॅडम, किती वर्सं पाहून राहिलो मी तुमाले. त्या बेडकापायी तुमी मरून जासान. मले वाटलं, एकदा तरी तुमच्या मनासारखं व्हावं. सोडून द्या ना. कोणाले समजणार हाये?"

"मले समजलं ना," ती म्हणाली.

तिनं त्याच्या अशी कानफटात मारली की माइक खणाणला. शिक्का टेबलावर ठेवला, ते पितळी सन्मानचिन्ह दोन्ही हातांनी उचललं अन् त्यावर घातलं. पहिल्या घावाला बेडकाचे दोन तुकडे. ती मारतच राहिली. दगडाची भुकटी तिच्या शालीवर उडत होती, टेबलाची काच फुटली, तिची बोटं चिरली. भुकटी झाल्यावर थांबली अन् धापा टाकत म्हणाली, "बेडूक नाही. माझा अंदाज चुकला. या लिपीतले एकही अक्षर मला वाचता येत नाही. आपण घरी जावे."

मागून कुणी ओरडलं, "मंग बलावलं कायले आमाले?"

"म्हातारीले पैसे चारले कोणीतरी! खरा शिक्का फोडला तिनं!"

"आमच्या लोकायची लिपी होती ते, म्हणून फोडला!"

"तुमची? कवापासून तुमची बे?"

झालं. ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं ते त्या अक्षरांवरून एकमेकांच्या नरड्याला भिडले. पडदा टराटर फाटला. कुणाचं तरी नाक फुटलं, सतरंजीवर रक्ताचे शिंतोडे. प्राध्यापकांनी मला खांबामागे ओढलं. खुर्च्या फेकायला लागले, त्या लोखंडी, घडीच्या. ती मंचावरून हलेना. उलट पुढे येऊन ओरडत होती, "गाल द्या! पुरावा नाई ना? मंग गाल द्या!" तेव्हा एक खुर्ची आली अन् खुर्चीचा पाय हिच्या डाव्या डोळ्यावर बसला. असा आवाज झाला, नारळ फोडल्यासारखा. पडली. अन् प्रवीण, आत्ताच कानफटात खाल्लेला तो प्रवीण, तिच्यावर पालथा पडला. पुढल्या दोन खुर्च्या त्याच्या पाठीवर आदळल्या. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, पण तो उठला नाही.

रिक्षातून दवाखान्यात नेलं दोघांना. मी मध्ये, एका बाजूला ती, एका बाजूला तो. तिच्या पदराचा बोळा डोळ्यावर दाबून धरला होता मी, माझ्या कोपरापर्यंत रक्त. मला वाटलं बेशुद्ध आहे. तर हळूच म्हणाली, "प्रवीण, गधड्या. कॉपी करतं, अन् तेही भेगेसकट." तो मोडक्या हाडानं हसायला गेला अन् किंचाळला.

डोळा गेला. टाके पडले, डॉक्टरांनी केलं जे करायचं ते, पण गेला.

अकोल्याला आणल्यावर तिनं चुन्याची बादली मागवली. एका हातानं भिंतीला धरून, दुसऱ्यानं बैल, हत्ती, गेंडा, सगळ्यांवर चुना मारत सुटली. मारणंच ते, कुंचला भिंतीवर आपटत होती. जनावरं गेली. वरच्या अक्षरांच्या ओळी तेवढ्या ठेवल्या. अर्ध्या भिंती पांढऱ्या अन् त्यांच्या डोक्यावरून ती न वाचलेली अक्षरं. मला राहवेना. मी विचारलं, "मंग तुमच्या बाबाचं काय, बाई?"

कुंचला बादलीत बुडवला तिनं. "माह्या बापानं खरं इचारलं होतं, कमल. खोट्यानं कसं उत्तर देऊ त्याले?"

मी चुना कालवून दिला.

आता तिचं नवीनच चाललं आहे. एका शिक्क्यावर खाली सात बायका ओळीनं उभ्या आहेत, लांब वेण्यांच्या. कुणी म्हणतात त्या कृत्तिका, तो आभाळातला ताऱ्यांचा झुबका. ही म्हणते, पुस्तकात काय लिहिलंय ते नंतर. आधी आपल्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी त्या किती दिसतात, ते मला कळलं पाहिजे. सहा की सात. तोवर मी तोंड उघडणार नाही. म्हणून या थंडीत रोज दिवेलागणीनंतर आम्ही दोघी गच्चीवर. तिचा उरलेला डोळा वर पाहिलं की गळतो. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन पुढं ढकललेलं.

कालची गोष्ट सांगते अन् थांबते. ती मान वर करून उभी, काठी छातीशी धरलेली, गालावरून पाणी. म्हणाली, "किती दिसून राहिल्या?"

मी म्हटलं, "सात असतीन."

काठी माझ्या नडगीवर बसली. "असतीन नोको सांगू! दिसतेत किती, ते सांग."

"मले तं बाई, एक ढग दिसून राह्यला. धुरावानी."

"मंग तसं सांग. ढग." अन् माझ्या खांद्याला धरून तशीच उभी राहिली, बराच वेळ. हात हलका लागला मला. इतका हलका तिचा हात कधी लागला नव्हता.

तुझे डोळे अजून चांगले आहेत रेवा. उन्हाळा आला की कृत्तिका सूर्याकडे सरकतात, मग महिनोन् महिने दिवेलागणीला दिसत नाहीत, अन् ती जिना चढताना आता मध्येच बसते. सुट्टी नाही, परीक्षा आहे, ते सगळं मला ऐकायचं नाही. शाल घेऊन ये, गच्चीवर गारठा आहे. तिच्याशेजारी उभी राहा अन् जितक्या दिसतील तितक्याच सांग. लवकर ये बाई.